पापणीवरची गाठ

वाहाका शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात रांग हलेना. मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या ओबदुलियाच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं भांडण पडत होतं.

"कुत्र्याच्या पापणीवर बोराएवढी गाठ, आणि तू तीन आठवडे लग्नाची अंगठी घासत बसलीस! अक्कल गहाण ठेवलीस का?"

"सोनं गरम करून फिरवलं की रांजणवाडी बसते. आईनं माझी अशीच घालवली होती."

"मग याची का नाही बसली?"

"तेच विचारायचंय डॉक्टरांना. आणि पापणीचे पांढरे केस हिरवे का पडलेत, तेही."

"हिरवे? कुठले?"

"अंगठी फिरवली तिथले. शुद्ध सोन्याची म्हणून तूच घातलीस ना, फाउस्तीनो?"

"...आपला नंबर आला वाटतं."

"चौघं आहेत अजून पुढं. बस खाली."