पहिल्या हाकेला ओ

ऐका. पण आधी तो पलीकडचा टीव्ही बंद करा. आणि बायजे, तू दाराकडं पाठ करून बस. हं, आता ऐका.

आपले शंभूतात्या तारमास्तर. होय, तेच, खालच्या आळीचे. जन्मभर तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट केलं, पेन्शनीत आले तरी बोटं काही थांबेनात. मग रीतसर परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला आणि हौसेचा रेडिओ घेतला, तारेसारखंच कट्ट-कडकट्ट करून लांबच्या लोकांशी बोलायचा. केवढा? पोळ्यांच्या डब्याएवढा! ताकद किती? पाच वॅट. अरे, जुना झिरोचा बल्बसुद्धा त्याहून जास्त वीज खायचा. लोक म्हणायचे, तात्या, मोठं मशीन घ्या की. तात्या म्हणायचे, "ओरडल्यावर कुणीही ऐकेल. हळू बोलून लांबच्याला ऐकू जावं, यात खरी मजा!" आणि एवढ्याशा ताकदीवर हा माणूस पार लंकेला बोलला, रशियाला बोलला. बोलणं झालं की तिकडून पोस्टकार्ड यायचं. अख्खी भिंत भरली होती.

आणि घरात? घरात गोदाकाकी, ठार बहिऱ्या. रशियातल्या माणसाला पाच वॅटमध्ये कळायचं, चुलीपुढच्या बायकोला तीन-तीनदा सांगावं लागायचं. "काय म्हणालात?" दिवसभर तेच. तात्या वैतागायचे. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "भाजी चांगली झालीये." काकी म्हणाल्या, "काय म्हणालात?" तात्या पुन्हा म्हणाले. "काय?" तेव्हा तात्या म्हणाले, "काही नाही. राहू दे."

त्याच पहाटे काकी झोपेत गेल्या.

झालं. ते एवढंसं वाक्य तात्यांच्या घशात अडकलं ते अडकलंच. घर खायला उठायचं. रेडिओ लावावा तर गावात नव्यानं ओढलेल्या विजेच्या तारांची नुसती खरखर. सात महिने एक माणूस सापडला नाही बोलायला. शेवटी पौषातल्या एका संध्याकाळी दिवस मावळल्यावर तात्यांनी रेडिओचा डबा पिशवीत घातला, बॅटरी घेतली, तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि निघाले वरच्या पठारावर.

वाटेत पारू धनगरीण मेंढरं घेऊन उतरत होती. ती म्हणाली, "तात्या, हाळीच्या कड्याकडं निघालासा? तिथं कुणाला हाक मारू नगा. तिथं पहिल्याच हाकेला ओ येती."

"बरंच आहे की," तात्या म्हणाले. "इथं खाली तर एकही येत नाही."

वर पोचले. चिटपाखरू नाही. एरियलची तार उंबरावर फेकली, हेडफोन कानाला लावले. आहाहा, काय शांतता! खटक्यावर बोट ठेवलं आणि वाजवलं, कुणी आहे का?

"आहे."

अरे, प्रश्न पुरा व्हायच्या आत! आणि केवढ्यानं! जणू शेजारच्या खोलीतून. तात्यांनी विचारलं, कुठून बोलता? तर नुसतं, "ताकद कमी कर."

आता या हौशी लोकांत हा खेळच असतो. कमी करत जायचं, समोरच्याला कुठवर ऐकू येतं बघायचं. तात्या खूश! एक वॅट केला. "स्पष्ट." अर्धा केला. "स्पष्ट." आणि गंमत बघा, यांची ताकद उतरतेय तसा तिकडचा आवाज चढतोय! "तार काढ." काढली. "स्पष्ट." "बॅटरी काढ." काढली. डब्यातला दिवा विझला.

"स्पष्ट."

तात्यांनी हेडफोन उतरवले. कट्ट-कडकट्ट चालूच! उघड्या हवेत. कड्याच्या बाजूनं.

तुम्ही म्हणाल, पळाले का नाहीत? अरे, सात महिने ज्याला कुणी ओ दिली नाही, तो ओ आल्यावर पळतो होय?

मग कट्ट-कट्ट थांबलं. आणि आवाज आला. "अहो, इकडं या."

गोदाकाकींचा! तोच, जरासा घोगरा. तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. टॉर्च तिथंच राहिला, अंधारात चालत सुटले. "या. अजून पुढं या." चालले. "अजून." चालले. कसंबसं पुटपुटले, "गोदा, त्या दिवशी भाजी चांगली झाली होती गं."

"ऐकलं मी. या."

तात्या थबकले.

पहिल्याच वेळेला? पुटपुटलेलं? चाळीस वर्षांत जिनं एक वाक्य एकदा सांगून ऐकलं नाही, तिनं? तात्यांनी नुसते ओठ हलवले. आवाजच काढला नाही. गोदा?

"ओ."

अंगावर सरसरून काटा! पुढच्या पायाखालचा दगड निसटला. गेला. खाली आपटल्याचा आवाज यायला किती वेळ लागावा! तात्या मटकन बसले आणि हातापायांवर मागं सरकले. तशी चहूकडून "ओ! ओ! ओ!" उठली. तात्यांनी हाक मारली नव्हती, तरी ओ! ठेचकाळत, रडत, ते वाटेतल्या ओढ्यापर्यंत पळाले. ओढा ओलांडला तेव्हा कुठं ती ओ थांबली.

सकाळी पारूनं डबा आणून दिला. बॅटरीची वायर सुटलेलीच होती.

आता तात्या घरूनच रेडिओ लावतात, त्या खरखरीत. कधीमधी लांबून कुणी लागतं आणि म्हणतं, नीट कळलं नाही, पुन्हा सांगा. तात्यांना एवढं बरं वाटतं! पुन्हा सांगतात, परत एकदा सांगतात. आणि रात्री जेवायला बसले की चुलीकडं तोंड करून म्हणतात, भाजी चांगली झालीये. मोठ्यानं, तीनदा. मी ओसरीवरून ऐकलंय.

तेव्हा हाळीच्या वाटेनं अंधार पडल्यावर कुणी जायचं नाही. आणि कुणी पहिल्याच हाकेला ओ दिली, तर तिथूनच मागं फिरायचं.

काय गं बायजे? ऐकू नाही आलं? बरं, ये, जवळ सरक. पुन्हा सांगतो.