एकशे दहाची साखर

पार्वताबाई : बोट माहं, रगत माहं, अन् आकडा उठून जवाहरनगरले जाईन? काहून गा, त्याले बी तिथं तुह्यावानी क्वार्टर भेटलं काय?

धम्मदीप : माय, मेडिकलमध्ये उभे आहो आपण. हळू बोल. भूपेंद्रभाऊ, फोनले जोडते ते मशीन दाखवा.

भूपेंद्र : ये देखो. हे साधं. स्ट्रिप टाका, रक्ताचा थेंब लावा, पाच सेकंदात शुगर. हे ब्लूटूथवालं. आकडा सीधा फोनमध्ये, लाल-हिरवी लाइन बी बनते. अन् दंडाले चिपकवायचा बिल्ला पाहिजे तर नागपूरहून मागवतो. चौदा दिवस टोचायचं कामच नाही.

पार्वताबाई : बिल्ला? आमच्या गाईच्या कानात मारून गेले सरकारवाले, तसा? मार बापा. बजारात हरवली तर नंबर पाहून घरी तरी आनून देतीन.

धम्मदीप : ब्लूटूथवालंच द्या. तिथं बसल्या बसल्या पाहीन मी. हिचा भरोसा नाही राहिला.

पार्वताबाई : कुठं बसून पाहाशीन? तुह्या बारूदच्या कारखान्याच्या गेटवर तर फोन काढून घेते. दिवसभर फोन शिपायाजवळ. मंग माही साखर शिपाई पाहीन!

भूपेंद्र : काकू बोलते बढिया.

धम्मदीप : बोलतेच बढिया. रोज सकाळी साडेसहाले मी फोन करतो, शुगर किती? एकशे दहा. चाळीस दिवस झाले, एकशे दहा. मावसभावाच्या लग्नात बुंदी खाल्ली, दुसऱ्या दिवशी बी एकशे दहा. आज रविवार म्हणून एकोडीले घरी आलो, तर फळीवर स्ट्रिपची डबी दिसली. मीच आणून देलेली. सील तुटलं नाही तिचं.

भूपेंद्र : म्हणजे टेस्ट केलीच नाही काकू?

पार्वताबाई : तू मशीन विक बाबू, मधात नको पडू. डॉक्टरनंच सांगतलं होतं, एकशे दहा चांगली. म्या चांगली सांगतली. तुले बी दिवसभर बरं वाटलं असन का नाही?

धम्मदीप : बरं वाटायले विचारतो का मी? खरं सांगतलं असतं तर धान रोवण्याले जाऊ नसतं देलं, एवढंच होतं तुह्या पोटात. पायाच्या बोटाले जखम, डॉक्टर म्हणते चिखलात पाय नको, अन् ही बांधीत गुडघाभर गाऱ्यात!

पार्वताबाई : मंग बायांची टोळी कोन नेईन? भावना? तुह्या बायकोले धानाचा परा अन् गवत वेगळं दिसत नाही. पायाले माती लागली का साबन शोधते.

धम्मदीप : वीस बाया आहेत. हातानं रोवतात ना? तुह्याबिगर बी रोवतीन.

पार्वताबाई : हातानं रोवते, पन गान्यानं सरकते. म्या पद उचललं का वाकल्या वीस पाठी एक पाऊल मागं येते, पान्यावर वारा आल्यावानी.

धम्मदीप : मोबाइलवर लावतीन गाणं. तुह्यापेक्षा सुरात राहीन.

पार्वताबाई : लाव म्हना. टोळीतल्या सत्यभामाची कंबर धरली का मी पद लांबवते, तिले उभं राहू देते. तुह्या मोबाइलले दिसते काय तिची कंबर?

धम्मदीप : झालं हिचं पुराण सुरू. भाऊ, मशीन माझ्या फोनले जोडून द्या.

भूपेंद्र : जोडतो. हा फोन काकूजवळ ठेवणार ना?

धम्मदीप : तिच्याजवळ कायले? माझा फोन आहे. माझ्यासोबत जवाहरनगरले जाईन.

भूपेंद्र : अन् मशीन एकोडीत?

धम्मदीप : मग?

भूपेंद्र : अरे भाऊ! ब्लूटूथ म्हणजे एका खोलीतला कारभार. मशीन इथं अन् फोन तिथं, मधात अख्खा हायवे. आकडा काय एसटीनं जाईन? काकूजवळच नेटवाला मोठा फोन पाहिजे, मग तिथून तुमच्याकडे जाते.

पार्वताबाई : बारूद बनवते म्हने माहा पोरगा! सरकारनं काय पाहून ठेवला असन गा?

धम्मदीप : मोठा फोन बी घेऊन देतो.

पार्वताबाई : नेट कुठचं आनशीन? आमच्या घरी बोलाले बी आंगनात जा लागते. तुहं बोलनं बी अर्धंच आयकू येते मले. अर्ध्यातच समजते म्हना, आकडा मांगून राहिला.

भूपेंद्र : घरात कोणी जवळ राहिलं तर बरं, भाऊ. मशीन बिचारी काय करीन?

धम्मदीप : मशीन विका तुम्ही, सल्ला नको. इथंच तपासा हिची शुगर. पाहू दे तिच्या डोळ्यानं.

पार्वताबाई : तपास. घाबरते काय मी सुईले?

(भूपेंद्र बोट टोचतो. रक्ताचा थेंब स्ट्रिपला लावतो.)

भूपेंद्र : तीनशे अडतीस.

पार्वताबाई : फुटकी आहे तुही मशीन.

भूपेंद्र : आत्ता तुमच्यासमोर डब्बा फोडला, काकू.

धम्मदीप : बोल आता. आणखी सांग एकशे दहा. चाळीस दिवस मला उल्लू बनवलं तू. पाय वर घे स्टुलावर.

पार्वताबाई : लोकं पाहून राहिले.

धम्मदीप : पाहू दे. बोटावरची चिंधी सोडतो मी.

पार्वताबाई : सुकली जखम. सोड पाय. लाज नाही वाटत, भर दुकानात मायचे पाय धरून बसला.

धम्मदीप : माय, बोट काळं पडलं आहे.

पार्वताबाई : गाऱ्याचा रंग असन. आंघोळीत जाईन.

धम्मदीप : पुसून राहिलो, नाही जात. अन् इथं, तळव्याले? इथं दुखते का?

पार्वताबाई : कुठं?

धम्मदीप : इथं वं. जोरानं दाबून राहिलो ना मी.

पार्वताबाई : तू हात लावला काय गा?