वजनाची चिठ्ठी आणि निळा झगा

मी सांगतो तसेच लिहा, आणि लिहून झाल्यावर एकदा मला वाचून दाखवा, कारण सांगणाऱ्याचे एक आणि कागदावर दुसरेच, असे झालेले मी जन्मभर पाहिले आहे. माझे मूळ गाव कुंडलच्या पलीकडे दोन कोसांवर. आमच्या आळीत घरटी एक माणूस पलटणीत, माझे वडीलही पलटणीतच, आणि मागे राहिलेल्या बायकांना लिहिता येत नसे, म्हणून चौथीत असल्यापासून त्यांची पत्रे मी लिहीत असे. ओसरीवर बसायचे, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि समोरची बाई सांगायची, लिही, म्हस व्याली, मामंजींचा खोकला तसाच हाय, मळ्यातलं बांधाचं झाड पडलं, आणि मंग लिही... आणि तिथे ती थांबायची. तिथे काय लिहायचे हे मला त्या वयात कळत नसे. मी आपले कळावे, लोभ असावा, असे घालून पत्र मिटवत असे.

पुढे सातवीची फायनल पास झालो, कऱ्हाडला आलो, मलकापुरात दोन खोल्या घेतल्या आणि कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली अर्ज लिहायला बसलो. सगळे मला अर्जवाले अण्णा म्हणू लागले. माझा एक सिद्धांत होता, आजही आहे, की तोंडाने सांगितलेले वाऱ्यावर जाते आणि पोचपावतीने पाठवलेले साहेबाच्या उरावर बसते. एस.टी.च्या कंडक्टरने उद्धट बोलावे, मी लिहिले. नळाला गढूळ पाणी यावे, मी लिहिले. आमची मंडळी, हौसा तिचे नाव, ती म्हणायची, तुमच्या अंगात रगत न्हाई, शाई हाय. म्हणायची आणि हसायची. तेव्हा हसायची.

लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर आम्हाला मुलगी झाली. कुसुम. काय सांगू तुम्हाला, एवढीशी होती, सुपात निजवली तर सूप रिकामे वाटायचे. पण डोळे मोठे आणि तोंड अखंड चालू. मी कडुलिंबाखालून संध्याकाळी घरी आलो की ती माझ्या बोटांवरची शाई मोजायची, आज तीन बोटं भरली, म्हणजे अण्णा आज तिघांना रागावले.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या वर्षी ती पहिलीत होती. शाळेत सुकडी, म्हणजे खाऊचे गोड पीठ, वाटत असत, आणि ती कोणाला जास्त द्यायची हे ठरवण्यासाठी मुलांची वजने करायची असे निघाले. आता करायची तर करा, पण कशी केली? सोसायटीच्या गोदामातला गुळाच्या ढेपा तोलायचा काटा आणला, भर पटांगणात टांगला, एका पारड्यात वजने आणि एका पारड्यात लेकरू. एका मास्तरांनी आकडा ओरडायचा, दुसऱ्यांनी फळ्यावर नावापुढे लिहायचा, आणि कमी भरला त्याच्या नावाभोवती लाल खडूचे कडे. कुसुमचे पंधरा किलो भरले. कडे पडले. त्या दिवसापासून पोरे तिला पावशेर म्हणू लागली. पावशेर आली रं, तागडी आणा.

ती घरी आली ती बोललीच नाही, आणि न बोलणारी कुसुम आम्ही पहिल्यांदा पाहिली. हौसा कपाळाला हात लावून म्हणाली, आवं, लेकराचं वजन असं चारचौघांत वरडून सांगत्यात व्हय, दिष्ट लागंल तिला. आमच्याकडे ही समजूत जुनी आहे. पोर वाळले, असे आईने तोंडाने उच्चारायचे नाही, उच्चारले की ते खरे होते. माझी हरकत दृष्टीची नव्हती, कायद्याची होती. अज्ञान मुलाच्या शरीराची नोंद पालकाच्या संमतीशिवाय जाहीर करण्याचा अधिकार शाळेस कोणत्या नियमान्वये प्राप्त झाला, असे मी हेडमास्तरांना विचारले. उत्तर नाही. मग जिल्हा परिषदेला, साताऱ्याला. मग स्मरणपत्र, मग दुसरे स्मरणपत्र. आजही सांगतो, ती हरकत योग्य होती. लेकरू म्हणजे गुळाची ढेप नव्हे.

आणि मी जिंकलो. वर्गात, दार लावून वजन करावे, फळ्यावर लिहू नये, आणि आधी पालकाची सही घ्यावी, असे वरून आले. आळीतल्या आया हौसाला येऊन सांगून गेल्या, अण्णांनी ब्येस केलं. मी पेढे आणले. इथवर माझे काहीही चुकलेले नाही, हे लिहा.

मग जूनमध्ये सहीची चिठ्ठी आली. तिच्यावर छापले होते, आपला अशक्त पाल्य. अशक्त कोणी ठरवले? वैद्यकीय दाखला कुठे आहे? मी तो शब्द तांबड्या शाईने खोडला आणि चिठ्ठी सही न करता परत पाठवली. दिवाळीनंतर दुसरी आली, शब्द तोच. परत पाठवली. संक्रांतीनंतर तिसरी. तिच्यावर कोणीतरी अशक्तच्या जागी हाताने कृश लिहिले होते, म्हणून मी त्या कृशवर दोन पाने लिहिली. वर्गातली सगळी मुले दार लावून तोलली गेली. माझी तेवढी राहिली.

त्या वर्षात हौसाने एकदाही मला म्हटले नाही की पोर खात नाही. म्हटले असते तर उच्चारल्यासारखे झाले असते. आणि मी त्या बाबतीत इतका तापलेला असे, की वजन हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. ती तिच्या रीतीने गप्प, मी माझ्या रीतीने बोलत, आणि मधे पोर.

फाल्गुनात कुसुमचे वर्गशिक्षक माने गुरुजी घरी आले. गरीब माणूस, चिठ्ठीशी त्यांचा संबंध नव्हता. मी म्हटले, सही मागायला आला असाल तर चहा घ्या आणि जा. ते म्हणाले, अण्णा, कायदा तुमचा बरोबर हाय, मी त्यावर बोलायला आलो न्हाई. पोरगी फळ्यावर लिहायला उठती तवा माझ्याकडं तिची पाठ असती. तिच्या झग्याची बटणं तेवढी बघा.

मी कुसुमला हाक मारली आणि पाठमोरी उभी केली. निळ्या चौकड्यांचा झगा, पाठीवर चार बटणे. बटणांच्या बाहेरच्या अंगाला सुईच्या भोकांची एक ओळ. तिच्या बाहेर बोटभर अंतरावर दुसरी. तिच्याही बाहेर तिसरी. झगा ढिला होत गेला तसतशी हौसाने बटणे आत आत सरकवली होती. तीनदा. मी वळून तिच्याकडे पाहिले तर तिने पदर तोंडात धरलेला. माने गुरुजी चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मिरजेला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी काय केले असेल तर तिला काट्यावर उभी केली. तेरा किलो. वाढत्या वयाची पोर, आणि दोन किलोंनी उतरलेली. फोटो काढला, छातीत क्षयाच्या गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षातली वजनं सांगा, कधीपासून उतरली ते मला समजू द्या. मी सवयीने फाइल बरोबर नेली होती. तिच्यात वजनाविषयीची सतरा पत्रे होती, पोचपावत्यांसह. वजन एकही नव्हते.

हौसा पुढे झाली, पोरीला वळवले आणि झग्यावर बोट ठेवून सांगू लागली, डाक्टरसाहेब, ही वळ आखाडातल्या बेंदराची. ही दसऱ्याची. ही थंडी सरताना. डॉक्टरांनी पट्टी लावून अंतरे मोजली आणि केसपेपरवर लिहून घेतली. म्हणाले, बाईंनी चोख नोंद ठेवली आहे. त्यांनी कौतुकाने म्हटले हो. ते वाक्य माझ्या मानेवर आजही आहे.

पोर वाचली, ते आधी सांगायला हवे होते. सहा महिने दवाखान्यात, मग दीड वर्ष सुया आणि गोळ्या, दवाखाना जवळ पडावा म्हणून सांगलीत मावशीकडे राहिली, तिथेच शाळेत गेली, तिथली झाली. मी दर रविवारी जात असे. ती मला रोज एक कार्ड टाकायची, ओळी वाकड्या, अण्णा, आज साडेतेरा. अण्णा, आज चौदा, पावशेर गेली. साऱ्या मुलखाची पत्रे लिहिणारा मी, पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात बसू लागलो.

मग एका दिवाळीला सांगलीत पंगतीत बसलो असताना साडू म्हणाले, काय अण्णा, तुमची कागदं जड आणि पोर हलकी. सगळे हसले. ते खरे होते म्हणून मला सोसले नाही. मी ताटावरून उठलो. घरी येऊन त्यांना चार पानी पत्र पाठवले, रजिस्टर. पोचपावती आली, उत्तर नाही. तेव्हापासून, दोन वर्षे होऊन गेली, मी त्या घराचा उंबरा चढलेलो नाही. हौसा एकटी जाते. आल्यावर मी विचारत नाही आणि ती सांगत नाही, पण भाकरी थापताना मुद्दाम मोठ्याने म्हणते, आता माझ्या खांद्याला लागती.

तिच्या शाळेला मात्र मी लिहून ठेवले होते, की वजन करण्यापूर्वी संमती वडिलांचीच घ्यावी, मावशीची चालणार नाही. कायद्याचे कारण दिले होते. खरे कारण हे, की तिची रोजची कार्डे थांबली होती आणि त्या निमित्ताने वर्षातून एकदा तिच्या नावाचा कागद माझ्या हाती येई. दर जूनमध्ये चिठ्ठी यायची, मी आल्या टपाली सही करून पाठवायचो, एक शब्द न खोडता, आणि आठ दिवसांत तिचे कार्ड यायचे, आकड्याचे. यंदा जून गेला, चिठ्ठी आली नाही. जुलै गेला. आता ती मोठ्या शाळेत गेली, तिथे वजने करत नाहीत.

शेवटी मी लिहिले. चि. कुसुम हिस अनेक आशीर्वाद, तुझे सध्याचे वजन परत टपाली कळवावे. पुढे लिहायला गेलो आणि हात थांबला. आमच्या आळीतल्या बाया जिथे थांबायच्या, तिथेच. पुढचे वाक्य मला अर्जात कधी लागलेच नव्हते. कळावे, असे लिहून पाठवले.

परवा उत्तर आले. अक्षर आता सरळ आहे, माझ्यासारखे. अण्णा, वजन लिहीत नाही. येऊन बघा.

मी कार्ड हौसाला वाचून दाखवले. तिने ट्रंकेतून निळा खण काढला आणि ती पोलके शिवायला बसली. काल शिवून झाले. मी म्हटले, बटणे राहिली. तर म्हणाली, ती हितं कशी लावू, तिच्या अंगावर बघूनच लावायची. बटणे तिने पदराच्या गाठीत बांधून ठेवली आहेत. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही जातो. साडू दारात असतील, जे बोलायचे ते बोलतील, मी ऐकून घेईन. फाइल इथेच राहील.

तुम्हाला लेकरे आहेत ना? अंगाने भरोत. आणि संध्याकाळी घरी गेलात की एकदा त्यांना पाठमोरी उभी करून बघा. आता वाचून दाखवा, कुठवर आलो ते.