कोंबड्याचं दार

ओहायोतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीपुढे नंबराची चिठ्ठी घेऊन बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी बाई आणि काठी घेतलेला चाळिशीतला माणूस बोलत होते.

"इराकमध्ये होतास का रे?"

"हो, काकू. सद्दामची ती महासंहारक शस्त्रं शोधायच्या तुकडीत."

"मग सापडली ना!"

"छे. आठ महिने उकरत होतो. शेवटचं गोदाम तर मीच फोडलं. दारावर हा एवढा कोंबडा रंगवलेला आणि आत नुसतं कोंबड्यांचं खाद्य."

"तुला दाखवलं नसेल."

"अहो, सरकारनंच नंतर लिहून दिलं, तिथं काही नव्हतं म्हणून."

"सरकारचं काय घेऊन बसलास! माझ्या पोरानं, वेंडेलनं, तिकडेच अकरा दिवस एका गोदामावर पहारा दिला. बाराव्या दिवशी तिथंच गेला. रिकाम्या गोदामावर कुणी पहारा ठेवतं का? तूच सांग."

"दिसायला कसा होता तो, काकू?"

"थांब, शेवटचा फोटो दाखवते. चष्मा कुठं गेला मेला... हा बघ. हसतोय कसा! आणि मागच्या दारावर... अरे, तू म्हणालास तो कोंबडा हाच का रे?"

"बघू... नाही, काकू. हे दुसरं. तिकडे दारादारावर कोंबडे असायचे."

"नक्की?"

"नक्की."

"बघ! म्हणजे हे तुम्ही उघडलंच नाहीत."

"नाही उघडलं."

"नीट शोधायला हवं होतंत रे."

"हो, काकू. चुकलंच आमचं."