शेवटचं कोण?

...नाही, मला सांगा, गिऱ्हाईक समोर उभं, काचेमागे त्याचा केक तयार, आणि दुकानवाली म्हणते साडेपाचला या! का? तर दोन वाजले म्हणून! आमच्या चेक देशात, ब्रनोत, दुपारी दोनला माणसं कामाला जुंपलेली असतात हो, आणि इथे... पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल चूक तिची. चूक माझीच. मी विचारलं नव्हतं ना, "शेवटचं कोण?"

सव्वीस वर्षं झाली त्याला. माझं नाव ओंद्रेय, पण इथे स्पेनमध्ये, हाएनकडे, कुणाची जीभ वळेना, म्हणून मी झालो आंद्रेस. चारोशी माझं जमलं होतं, फक्त तिच्या बापाचा होकार बाकी होता. बापाचं नाव पांतालेओन, आणि सत्तावीस जुलैला त्याच नावाच्या संताचा दिवस, म्हणजे घरात वाढदिवसाहून मोठा थाट! चारोनं बजावलं, "तीनला जेवण. विर्तुदेसबाईंकडे केक सांगितलाय, तो घेऊन ये आणि बाबांकडे मला मागणी घाल. केकशिवाय आलास तर तोंड दाखवू नकोस." आता यात अवघड काय आहे, तुम्हीच सांगा!

एकला दुकानात शिरलो. आठ माणसं, पण रांग? नावाला नाही! एक पंख्याखाली, एक पेपरात डोकं घालून, दोघी तर बाहेर पायरीवर गप्पा ठोकतायत. मी म्हटलं वा, काउंटर मोकळा, आणि उभा राहिलो ताठ. तेवढ्यात कुत्रं काखेत धरून एक आजी आली, "शेवटचं कोण?" पेपरवाल्यानं बोट वर केलं, आजी बसली. मला वाटलं नातेवाईक शोधतेय बिचारी! मग एक पोस्टमन, "शेवटचं कोण?" आजीनं मान हलवली. आणि काय सांगू तुम्हाला, विर्तुदेसबाई माझ्या खांद्यावरून, बगलेखालून, एकेकाला पुडे देतायत, पोस्टमनसुद्धा गेला, आणि मी आपला खांबासारखा उभा! शेवटी दोनचे टोले पडले आणि बाईंनी शटरला हात घातला.

"अहो बाई, मी एकपासून उभा आहे!"

"दिसत होतास की. मला वाटलं सावलीला आलायस."

"माझा केक! तो बघा, पांतालेओन लिहिलंय!"

"मग आल्याआल्या विचारलं का नाहीस शेवटचं कोण? तुझा नंबर कुणाच्या मागे, हे मी ठरवायचं? आता माझी सूप-भाकरी, माझी झोप. साडेपाचला!" आणि खाडकन शटर!

खिशात फोन नाही, जाऊन सांगावं तर हात रिकामे. मी तिथेच उभा राहिलो. बेचाळीस डिग्री! अख्ख्या गावात जागा कोण? मी आणि एक माशी. तीन वाजले, मनात म्हटलं आता सूप वाढलं असेल. चार, आता म्हातारा मला शिव्या देत असेल. पाच, आता चारोला दुसरं स्थळ बघत असेल! खोटं नाही सांगत, रडू आलं मला. साडेपाचला एक म्हातारे आले, "शेवटचं कोण?" मी छाती काढून म्हणालो, "मी पहिला!" ते म्हणाले, "पहिला कोण ते विचारलंय का मी? शेवटचा तूच ना? मग तसं सांग." विर्तुदेसबाई उगवल्या पावणेसहाला. जेवण लांबलं म्हणे!

केक घेऊन पळत सुटलो, क्रीम मनगटावरून ओघळतंय, माफीची भाषणं पाठ करतोय, दार ढकललं... आणि सगळे टेबलावरच! कलिंगडाच्या साली, पत्त्यांचा डाव, भांडणं जोरात! बनियनमधला पांतालेओन म्हणाला, "आलास? बरं झालं, आत्ता कॉफी टाकणारच होतो."

तीनपासून बसलेली माणसं हो! मी तिथे जीव टांगणीला लावून उन्हात वाळतोय आणि यांना पत्ताच नाही! तसाच चिकट हातांनी पुढे झालो, "बाबा, मला चारोशी लग्न करायचंय." चारो पांढरीफटक. म्हातारा पत्ते खाली ठेवून म्हणाला, "शेवटचं कोण ते विचारलंस?" मी कसंबसं विचारलं, "शेवटचं कोण?" आणि कोपऱ्यातून शेजारच्या फेर्मीननं बोट वर केलं! पठ्ठ्या चार वर्षं माझ्याआधी नंबर लावून बसला होता! चारो ओरडली, "फेर्मीन, उठ आणि घरी जा!" तो गेला, जाताना केकचा तुकडा घेऊन गेला, आणि माझं लग्न ठरलं.

आता घरात माणसं सहा, न्हाणीघर एक. रोज सकाळी मी टॉवेल घेऊन शहाण्यासारखा विचारतो, "शेवटचं कोण?" आतून अठ्ठ्याऐंशी वर्षांचे सासरेबुवा, बाहेरून बायको, खोल्यांतून तिन्ही पोरं, सगळी एका सुरात ओरडतात, "तूच!" मग काय करणार... टॉवेल खांद्यावर टाकतो आणि जिन्यावर बसतो.