मधली खापरी

बसा मंडळी, नीट मांडी घालून बसा. मागच्या आक्का, पुढं सरका की — पुढं बसायचं देव काही भाडं घेत नाही! आज एकच विचारतो. एकाच चुलीवरचं जेवणारी दोन माणसं जवळ असतात का? तुम्ही म्हणाल, असतात की बुवा. असं? मग ऐका.

एका ओढ्याकाठी कुंभाराचं घर. घरात दोघीच — सासू गजराबाई आणि सून धुरपा. धुरपाचा नवरा तापानं गेला, आणि घरातलं बोलणंच गेलं. सासू जिभेची तिखट — मिरची परवडली! भाजलेल्या मडक्यावर जरा डाग दिसला, की उचलायची आणि आपटायची. धुरपाला वाटायचं, हिच्या लेखी आपणही तसल्याच. पोरगा गेला आणि सून का राहिली, असंच हिच्या मनात असणार.

शेवटी तिनं माहेरी निरोप धाडला. भाऊ भिवा न्यायला आला. सासू एवढंच म्हणाली, आवा लावून जा.

आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लाकडाच्या जाळावरची. मडकी रचताना दोन मडक्यांच्या मधे खापरीचा तुकडा ठेवतात. का? जाळ सगळीकडून फिरावा, रंग एकसारखा लाल यावा. धुरपा आत रचत होती, सासू बाहेरून मडकी देत होती. आता मला सांगा — जिचं घर सुटतंय, तिला खापरी आठवेल? डोळ्यांत पाणी, हात आपले चालतायत. आणि बाहेरची? ती तरी कुठं बघत होती! तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत होती. खापऱ्यांची पाटी भरलेली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आवा निवला. भिवा बोचकं घेऊन अंगणात उभा. धुरपानं पहिलं मडकं काढलं — पोटावर फिकट चट्टा! दुसरं काढलं, तेही तसंच. सगळा आवा डागाळलेला. जाता जाता हेही आपल्याच हातून व्हावं? म्हातारीनं मडकं मागितलं. धुरपानं डोळे मिटून घेतले. आता फुटणार!

आवाज आलाच नाही.

म्हातारी त्या चट्ट्यावरून अंगठा फिरवत होती. तिनं दुसरं मडकं घेतलं, चट्ट्याला चट्टा लावून बघितला. बरोब्बर बसला. मग हळूच म्हणाली, "एकमेकीला टेकली हुती गं. तेवढ्या जागी जाळ लागला न्हाई."

म्हातारीनं दोन्ही मडकी अलगद खाली ठेवली.

"तुझा नवरा गेला, माझा ल्योक गेला. जाळ एकच. आन् मी तुला टेकू दिलं न्हाई." म्हातारीनं धुरपाचा हात धरला. "जायचं तर जा, पोरी. पन ऱ्हायलीस तर मला बरं वाटंल."

मंडळी, धुरपा सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. मग डोळे पुसून तिनं एक चट्ट्याचं मडकं भावाच्या हातात दिलं. "आईला दे. म्हनावं, डागाचं हाय, पन फोडू नगं. मी हितंच ऱ्हाते."

भिवानं बोचकं खाली ठेवलं, मडकं उराशी धरलं आणि तो वाटेला लागला.

आता का चुळबुळ करताय? अहो, बाजारासाठी खापरी ठेवावी, रंग चांगला येतो. पण घरात कशाला ठेवता? जे तुम्हाला भाजतंय, त्यात तुमच्या शेजारी बसून जेवणारंही भाजतंय. आज घरी गेलात, पानावर बसलात, की आधी ती मधली खापरी काढा. देवाचं नाव मग घ्या. तो थांबेल तेवढा.