नावाला नेमलेली बाई

माझं म्हायेर मेढ्याकडं, डोंगरात. नाचनी आन् भात, दुसरं काय पिकत न्हवतं, उसाचा फड म्हंजी काय ते मी लगीन हून आष्ट्याला आले तवा बघितलं. खेळायची मला लय हौस, लंगडी म्हना, खो-खो म्हना, शाळंत माझ्या म्होरं पळनारी पोरगी न्हवती, पर सातवी झाली आन् चुलतं म्हनाले बास झालं आता हुंदडनं, आन् बास झालं. मालक फौजेत. सुट्टीवर आले की घर भरायचं, ग्येले की मी, सासू आन् दोन म्हशी. मूलबाळ झालं न्हाई. त्याचं आता काय वाटत न्हाई, सांगायचं म्हनून सांगितलं.

मालक पेन्शनीत आले त्या सुमारास आमच्याकडच्या मंडळानं पोरींचा खो-खो चालू केला. मैदान आमच्या दाराम्होरंच. पोरी पानी प्यायला यायच्या, गुडघा फुटला की हळद लावून घ्यायला यायच्या, मग मंडळाचे अध्यक्ष, त्यास्नी समदी आन्ना म्हनत्यात, ते म्हनाले शालन, तू रोज मैदानावर बसतच जा की, पोरींजवळ एक बाई मानूस असल्यालं बरं. मी काय, म्हशींचं आवरलं की जाऊन बसायची. पोरींचं पळनं बघून जीव कसा गार व्हायचा बगा.

खेळ शिकवायला जे सर हुते ते मालकांच्या पल्टनीतल्या दोस्ताचं पोरगं, पलूसकडचं. मला काकू म्हनायचं. आमच्यातच जेवायचं, त्याला वांग्याचं भरीत लय आवडायचं. त्याच्या हाताखाली आमच्या पोरी जिल्ह्याला जिंकून आल्या तवा गावात हलगी लावून मिरवनूक काडली, आन्नांनी त्याच्या गळ्यात हार घातला, फेटा बांदला.

मंग सांगलीस्नं दोघी बाया आल्या, मंडळातल्या समद्यांना शिकवायला. पोरांची सुरक्षा, आसं नाव हुतं त्याला. त्यांनी लय गोष्टी सांगितल्या. एका पोरीला घिऊन कुनी बंद खोलीत बसायचं न्हाई, परगावी सामन्याला जाताना गाडीत एक तरी बाई पायजेच, पोरींना एकटीला फोनवर मेसेज करायचं न्हाई. आन् पोरगी काय सांगाय लागली तर गप ऐकायचं, खोदून खोदून इचारायचं न्हाई, कुनाला सांगनार न्हाई आसं वचन द्यायचं न्हाई, कारन आपल्याला सांगायलाच लागतं, पोलिसात कळवायलाच लागतं, तसा कायदाच हाय. खरं का खोटं ते शोधायचं काम आपलं न्हवं. शेवटाला त्या म्हनाल्या मंडळातलं एक मानूस ह्या कामाला नेमा. कुनी हातच वर करंना. आन्ना म्हनाले शालन हाय की, रोज बसतीच तिथं. झालं, माझं नाव आन् फोटू फलकावर लावला. पोरी हसल्या, म्हनल्या काकू, तुमी निवडनुकीला उभ्या हाय व्हय.

त्यातली एक पोरगी. नाव मी सांगनार न्हाई, तुमी बी इचारू नका, आन् लिवताना कुनाला वळखू यील आसं काय लिवू नका. पळायला हरनीवानी. ती हळूहळू मागं राहायला लागली. खांबाजवळ उभी राहायची, सरांनी हाक मारली की पानी प्यायला जायची. एक दिस खेळ सुटला, समद्या ग्येल्या, ही नळाजवळ बसून पाय धुतीया, धुतल्यालंच पाय परत धुतीया. मी म्हनलं काय गं, घरी जायाचं न्हाई का. म्हनली काकू, तुमी कुनाला सांगनार न्हाई न्हवं?

आता बगा, कुनी बी व्हय म्हनंल. माझ्या तोंडात व्हय आलंच हुतं. मी म्हनलं बाळा, आसं वचन मला देता येत न्हाई, पर ज्यांनी तुला मदत करायची त्यांनाच सांगन, चावडीवर सांगनार न्हाई. तिनं नळ बंद केला. माझ्या मनात आलं, ग्येली आता ही उठून. न्हाई ग्येली. सांगितलं तिनं. खेळाचं सामान ठेवायची खोली, आन् सर, यवढंच मी सांगती, बाकीचं तिनं मला सांगितलं ते मी कोर्टात सांगितलं, इथं न्हाई. तिला म्हनलं तुजी काय बी चूक न्हाई, सांगितलंस ते ब्येस केलंस. आन् तिला घरी पोचती केली.

घरी मालकांना पोरीचं नाव न सांगता सांगितलं. दोस्ताचं पोरगं. ते म्हनाले, खोटं असंल तर? मी म्हनलं ते मी ठरवायचं न्हाई. ते म्हनाले फौजेत पहाऱ्यावरच्यानं बघितलं की खबर द्यायची, म्होरलं वरची बघत्यात. आन् पायात चपला घालून माझ्यासंगं निघाले.

मालक वाटंवर थांबले, मी पोरीच्या घरी ग्येले, तिच्या आईला सांगितलं, तर ती आदी हात जोडाय लागली. काकू, नवरा आसामला ड्यूटीवर, घरात सासू-सासरं, पोरीचं लगीन व्हनार न्हाई. मी म्हनलं बाय, मी जानारच, मला गप बसता यायचं न्हाई, तू संगं आलीस तर पोरीला बळ यील. ती आत ग्येली, पोरीजवळ बसली, आन् भाईर आली तवा पदर खोचून आली. म्हनली चला.

आन्नांना कसं कळलं कुनास ठावं, त्यांनी ठाण्याच्या वाटंत गाटलं. शालन, आपसात मिटवू, त्याला काडून टाकतो, मंडळाचं नाव जाईल. मी म्हनलं आन्ना, उद्या तो दुसऱ्या गावात पोरी शिकविल. तर म्हनाले तुला नावाला नेमली हुती, तू खरंच करायला लागलीस व्हय? मालक म्हनाले आन्ना, वाट सोडा.

पोलिसातल्या बाई साध्या कपड्यात पोरीच्या घरी आल्या, आईसमोर लिवून घेतलं. सरांना धरून नेलं. मंग गावानं काय केलं म्हनाल, तर हळदीकुंकवाला मला बोलवनं बंद झालं, पलूसच्या दोस्तानं मालकांचा फोन घेनं बंद केलं, मैदानावर गवत उगवलं. सरांचा राग आला का म्हनून इचारता, तर त्याच्या ताटात मी भाकरी वाढलीया, राग कुटं ठेवू तेच कळत न्हवतं. एक दिस दारात एक लग्न झाल्याली पोरगी आली, कडंवर लेकरू. आदी खेळायची आमच्यातच. म्हनली काकू, मी तवा कुनाला सांगनार हुते? मी तिला पानी दिलं. तिनं बी जाऊन जबाब दिला.

खटला चालू हाय अजून. माझी साक्ष झाली, सरांच्या वकिलानं उलटंसुलटं इचारलं, मी जे ऐकलं तेवडंच सांगितलं. तो जामिनावर सुटलाय, पर आमच्या तालुक्यात पाऊल टाकायचं न्हाई आसा हुकूम हाय. मैदानावर आता मिरजंच्या एक बाई शिकवायला येत्यात, पोरी परत आल्यात, सामानाच्या खोलीचं दार काडून टाकलंय. आन्ना येत्यात, बसत्यात, माझ्याशी बोलत न्हाईत. बोलू नगात.

ती पोरगी मामाकडं राहती, तिकडंच शिकती. मागं सुट्टीला आल्याली, बाजारात मैत्रिणीसंगं उसाचा रस पीत उभी हुती, मोठ्यानं हसत हुती. माझ्याकडं तिची नजर ग्येली आन् तिनं मान वळिवली. मालक म्हनाले, वळख बी दिली न्हाई गं. मी म्हनलं नगं देऊ. मला बघितलं की तिला काय आठवत असंल ते मला ठावं हाय. तिनं मला पार इसरावं, सुखानं राहावं, माझं दुसरं काय मागनं न्हाई.